बोरमाळचा पाऊस कोणी खाल्ला?

शिर्डीच्या इतकं जवळ जाऊन, तिथे मुक्काम करून, दर्शन न घेता परत आलेली आमच्या महिला मंडळातली मी एकटीच. "राहात्यापर्यंत गेलीस आणि तशीच आलीस?" असं मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे. मंडळाच्या अंकात दरवर्षी प्रवासाचं काहीतरी मीच लिहिते. केरळवर लिहिलं तेव्हा नुसत्या नारळाच्या झाडांनीच दोन पानं भरली होती. या वेळचं लिहू नये असं फार वाटत होतं. तरी लिहिते आहे, कारण परत आल्यापासून मला लाज वाटते आहे. खरं तर त्या लाजेतली निम्मी आमच्या ह्यांची आहे. पण ह्यांना ती वाटत नसल्यामुळे सगळी मलाच वाहावी लागते.

हे कॉलेजात भूगोल शिकवतात. सुट्टीत गावोगाव 'तापणारी पृथ्वी' या विषयावर व्याख्यानं देतात. सोबत स्लाइड प्रोजेक्टर असतो आणि प्रोजेक्टरच्या मागे मी असते. ह्यांनी "पुढची" म्हटलं की बटण दाबायचं, एवढंच माझं काम. व्याख्यान मला इतकं पाठ आहे की ह्यांना ठसका लागला तर मी पुढचं वाक्य सांगू शकेन. सत्त्याण्णवचा डिसेंबर होता. जपानात सगळे देश जमून धूर कोणी किती कमी करायचा यावर भांडत होते, आणि ह्यांच्या व्याख्यानाला भलताच भाव आला होता. त्यातला एक परिच्छेद तर हमखास टाळ्यांचा. पडद्यावर आधी आपल्याकडच्या गाईम्हशी यायच्या (त्यांच्या ढेकरातूनही पृथ्वी तापवणारा वायू निघतो म्हणे), मग परदेशातल्या मोटारींची रांग, मग कोळशावरचं वीजकेंद्र, मग धुराडी. आणि हे आवाज चढवून म्हणायचे, "हे श्रीमंत देश आपल्या गरीब शेतकऱ्याच्या म्हशीचा ढेकर मोजतात आणि स्वतःच्या मोटारी लपवतात! पृथ्वी तापवली कोणी, आणि बोट कोणाकडे?" मला ते वाक्य मनापासून आवडायचं. अंधारात मीही ते ओठातल्या ओठात म्हणायची.

संगमनेर ते बोरमाळ

पुण्याहून एस.टी.ने संगमनेरला उतरलो. स्टँडवर भेळ मागितली तर कागदात कोरडा भत्ता, म्हणजे नुसते चुरमुरे-फरसाण, आला, वर तळलेली मिरची. चिंचेचं पाणी कुठे आहे म्हणून मी विचारलं, तेव्हा भेळवाल्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी गुपचूप खाऊ लागले. खाल्ल्यावर मात्र कबूल केलं, की आमची पुण्याची भेळ म्हणजे त्यापुढे नुसता चिखल.

तात्यांनी जीप पाठवली होती. तात्या म्हणजे ह्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील, बोरमाळचे मोठे बागायतदार आणि साखर कारखान्याचे संचालक. गाव राहात्याच्या बाजूला, कालव्याच्या अगदी टोकाला. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, गुरांसाठी घास, डाळिंबं; वरच्या अंगाला उघडा माळ, त्यावर बाभळी, बोरी आणि खूप दगड. इकडची माती काळी, तिकडची पांढुरकी, मध्ये फक्त पाण्याचा एक पाट. आमच्याकडे पेठेपेठेत फरक असतो, पण एकाच गावात एवढा मी पाहिला नव्हता.

तात्यांनी दुपारी शेतात हुरड्याचा बेत केला होता. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळायची आणि गरम गरम दाणे समोर टाकायचे. लसणाची चटणी, गूळ, घट्ट दही. मी खाणं सुरू केलं की मोजत नाही, हे मंडळात सर्वांना माहीत आहे. तेवढ्यात माझ्या दह्यात काळी पिसं पडायला लागली. शेजारच्या रानात ऊस तुटून गेला होता आणि मागे राहिलेलं पाचट पेटवलं होतं. भला मोठा धूर वर चढत होता आणि त्याची काजळी आमच्या ताटांवर उतरत होती.

"चालायचंच, वहिनी," तात्या म्हणाले आणि माझी वाटी बदलायला सांगितली. मग ह्यांच्याकडे वळले. "सर, एक विनंती हाय. कारखान्याची निवडणूक तोंडावर आलीय. समोरच्या पॅनलवाल्यांनी उठवलंय, की कारखान्याच्या धुराड्यानं आणि पाचट जाळल्यानं पाऊस कमी झाला. तुमी धुराचं काय काढू नका. झाडाचं सांगा, माळाचं सांगा. गावाला पाणलोटाची योजना आणायचीय, त्याला चराईबंदी लागते. लोक आमचं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील."

हे हसले. "तात्या, शास्त्र काही पॅनल बघून बोलत नाही," असं म्हणाले. मला बरं वाटलं. मग एक कणीस उचलून म्हणाले, "पण बघू. माळाचाही प्रश्न आहेच." आणि वाटीत पडलेलं एक काळं पीस बोटाने अलगद बाजूला काढलं.

माळावर

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कॅमेरा घेऊन माळावर निघाले, मी मागोमाग. तिथे शेळ्या चारणारी कौसाबाई भेटली. माझ्याच वयाची, पण माझ्या दुप्पट वेगाने चालणारी आणि चौपट बोलणारी. पहिल्या पाच मिनिटांत तिने मला सांगितलं की तिची सून आळशी आहे, जावई चांगला आहे, आणि पाऊस गेला तो सरकार आभाळात रॉकेट सोडतं म्हणून. "भोकं पडत्यात वर," ती म्हणाली, "मंग पानी थांबंल कशात?" मी हसू दाबलं. ह्यांनी दाबलं नाही.

तिची एक शेळी, मैना, मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा शेंडा ओरबाडत होती. ह्यांनी कॅमेरा उचलला, तशी कौसाबाई ओरडली, "थांबा, थांबा! अशी नगं!" आणि घराकडे पळालीच. माळाच्या कडेला बौद्धवाडी होती, तिथलं पहिलंच घर तिचं. परत आली ती लग्नाकार्यातली अंजिरी साडी नेसून, केसांना पाणी लावून. मैना पुन्हा बाभळीला लागलीच होती. तिच्या पाठीवर हात ठेवून कौसाबाई ताठ उभी राहिली, आणि एवढी बोलकी बाई फोटो निघेपर्यंत श्वास रोखून गप्प. नंतर म्हणाली, "धाडशाल नव्हं फोटू? बाई, तुमी ध्यान ठिवा. गडीमानसं इसरत्यात." मी शब्द दिला.

मग चहाला नेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताजं फूल. चहा शेळीच्या दुधाचा. मी आधी जरा नाक मुरडूनच कप तोंडाला लावला, आणि मग दुसरा मागून घेतला. जमीन त्यांची नव्हती. नवरा दुसऱ्यांच्या उसात मजुरीला जायचा आणि मजुरी नसेल तेव्हा घर शेळ्यांवर चालायचं. हे तिने रडून सांगितलं नाही. मैनेला दोन करडं झाली हेच तिने जास्त रंगवून सांगितलं. हे सगळं ह्यांनीही ऐकलं. ह्यांनीही तो चहा प्यायला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

शाळेत

दुपारी शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा होती आणि तिच्यातच ह्यांचं व्याख्यान. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता, पडदा म्हणून भिंतीवर पांढरं धोतर. पुण्यात पाहुण्याला चहा देऊन थेट बोलायला उभं करतात. इकडे शाल, श्रीफळ, फेटा आणि पाच जणांची मनोगतं झाल्याशिवाय पाहुण्याला तोंड उघडता येत नाही. मलाही खण-नारळ मिळाला. पुढे बागायतदार, मागे दाराशी वाडीवरची माणसं, आणि बायकांत कौसाबाई, सकाळच्याच अंजिरी साडीत. तिने मला हात केला. मी प्रोजेक्टरमागून हात केला. पाहुण्यांशी ओळख झाल्याचा तिला केवढा अभिमान वाटत होता.

व्याख्यान सुरू झालं. "पृथ्वी तापते आहे, आणि ती माणसामुळे तापते आहे," हे नेहमीप्रमाणे झालं. गाईम्हशी आल्या. आता माझं आवडतं वाक्य येणार म्हणून मी सरसावून बसले. ह्यांनी समोर पाहिलं. पुढच्या रांगेत तात्या पायावर पाय टाकून बसले होते.

"पुढची," हे म्हणाले. मोटारी आल्या. "पुढची." वीजकेंद्र आलं. "पुढची. पुढची." धुराडी आली तशी गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "गाडी लई जोरात पळाली!" आणि हशा पिकला. मी बटण दाबत राहिले. मला कळत नव्हतं असं नाही. ह्यांनी पहिल्यांदा "पुढची" म्हटलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं, आणि तरीही माझं बोट बिनबोभाट चाललं होतं.

मग उघड्या डोंगराची स्लाइड आली आणि हे थांबले. "ज्या माळावर शेळी चरते तिथे रोप टिकत नाही. झाड नाही तिथे ओल नाही. ओल नाही तिथे..."

"म्हंजी सर, आपला पाऊस शेळ्यांनी खाल्ला म्हना की!" तात्या मोठ्याने म्हणाले. सगळा वर्ग हसला. ह्यांना माहीत होतं की शेळी माळ खाते, पाऊस खात नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाने परीक्षेत असं लिहिलं तर हे त्याला भोपळा देतील. पण हे फक्त हसले.

समोरच्या पॅनलचे रामभाऊ, गावातले निवृत्त मास्तर, उठले. "सर, धुराड्याचं सांगा की. धुरानं ढग फाटत्यात, हे खरं का न्हाई?"

"एका कारखान्याच्या धुराड्याने कुठल्याही गावचे ढग फाटत नाहीत," हे ठामपणे म्हणाले. ते अगदी खरं होतं. पुढच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. आता तरी ह्यांनी म्हणावं, की तसंच एका वाडीच्या शेळ्यांनीही पाऊस जात नाही. हे सगळं फार मोठं आहे, त्यात कोळसा आहे, पेट्रोल आहे, तुमच्या-आमच्यासारखे गाड्यांतून हिंडणारे आहेत. मी अंधारात वाट पाहिली. हे पाणी प्यायले आणि खाली बसले. वर्गात ते सगळं माहीत असलेली आणखी एक व्यक्ती होती. तीही मूग गिळून बसली.

घोंगड्या काढल्या, उजेड आला. तात्यांनी ठराव मांडला: माळावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, आणि गावात कोणीही शेळी पाळायची नाही. "हात वर करा." रामभाऊंच्या लोकांनी केले नाहीत. बायकांमध्ये चुळबुळ झाली. आणि मग हिरव्या बांगड्यांनी भरलेला एक हात वर गेला. तो कौसाबाईचा होता. तिच्याकडे बघून वाडीवरच्या आणखी दोघीतिघींनी केले, आणि ठराव मंजूर झाला. मला वाटलं, तिला ठराव कळलाच नसेल.

परत येताना मी ह्यांना विचारलं, "म्हशीच्या ढेकराचं का नाही बोललात?"

"इथे तो संदर्भ नव्हता," हे म्हणाले. मग म्हणाले, "आणि माळावर झाडं वाढली तर त्यात वाईट काय आहे? जपानात सगळे नुसते बोलत बसलेत. इथे एका गावाने काहीतरी केलं." तेही खोटं नव्हतं. ह्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर मला भांडताही येईना.

राहात्याचा बाजार

सकाळी तात्यांची जीप प्रचाराला गेली होती. शालीची घडी घालण्यात आमची एस.टी. चुकली. राहात्याचा बाजार असल्यामुळे एक टेम्पो मात्र निघाला होता. तो शेळ्यांनी भरलेला होता. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी हे आणि ह्यांच्या मांडीवर प्रोजेक्टर. मला सरकून घ्यायला तयार होते, पण मी मागे चढले. ह्यांच्या शेजारी बसायची इच्छा नव्हती, हे खरं कारण.

मागे कौसाबाई होती. मैनेचं तोंड तिच्या कुशीत, दोन्ही करडं पायाशी. बंदी पुढच्या महिन्यापासून होती, तरी ती आजच निघाली होती. मला वाटलं, ती तोंड फिरवेल. फिरवलं असतं तर बरं झालं असतं. तिने पदराने फळी पुसून मला जागा केली.

"आजच का विकताय?" मी विचारलं.

"मंग काय करू बाई? काल सरांनी सांगितलं तवा कळलं. आमी आडानी, आमाला काय ठावं, आमच्या शेळ्यांच्या पायी गावाचा पाऊस गेला म्हून." ती खाली बघून बोलत होती. "मी आपली रॉकेटाला शिव्या द्यायची. खालच्या अंगाची रानं वाळली, लोकांच्या हिरी आटल्या, अन् मी त्यांच्याच बांधानं ह्यास्नी चारत हिंडले. रात्री मालकास्नी म्हनलं, आपल्याच्यानं एवढ्या लोकांचं नुकसान झालं, आता एक दीस बी नगं. लाज वाटती बाई तोंड दाखवायची."

टेम्पो खड्ड्यातून गेला आणि सगळ्या शेळ्या एकदम माझ्या अंगावर आल्या. बरं झालं, माझ्या चेहऱ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ठराव तिला पुरता कळला होता. कळला नसावा, अशी आशा मीच धरून बसले होते.

"तसं नाही हो, कौसाबाई," मी म्हटलं. "शेळ्यांनी पाऊस नाही जात."

तिने मान वर केली. "मंग सर का म्हनले?"

मी सांगू शकले असते. रस्ता लांब होता, वेळ होता. पण त्यासाठी आधी हुरड्याचं सांगावं लागलं असतं, आणि केबिनच्या काचेतून ह्यांचं डोकं दिसत होतं. "सर... झाडांबद्दल म्हणाले," असं काहीतरी मी पुटपुटले. ती समजूतदारपणे हसली. मी तिला बरं वाटावं म्हणून बोलते आहे, असं तिला वाटलं. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमचं मन मोठं हाय."

बाजारात व्यापारी जमलेच होते. एकाने मैनेच्या पाठीवरून हात फिरवला, कंबर चाचपली, दात पाहिले. करडं वेगळ्या माणसाने घेतली. मैना एकदा ओरडली, तेव्हा कौसाबाई दुसरीकडे बघून डोक्यावरचा पदर नीट करू लागली. राहाता मला याहून जास्त काही दिसलं नाही. शिर्डीची गाडी समोर उभी होती, कंडक्टर हाका मारत होता. हे म्हणाले, "जाऊन यायचं का?" मी नाही म्हटलं. कोणासमोर हात जोडायला जावं, असं तोंड नव्हतं माझं.

निघताना कौसाबाईने माझा दंड धरला. "फोटू तेवढा धाडा. मैना हाय त्यात."

पुणे

स्लाइड धुऊन आल्या. बोरमाळची ती एक ह्यांना फार आवडली: बाभूळ, शेळी, मागे उजाड माळ, आणि अंजिरी साडीतली, श्वास रोखून ताठ उभी कौसाबाई. "बोलका फोटो आहे," हे म्हणाले आणि तो उघड्या डोंगराच्या जागी लावला. त्यावरून मी कागदावर एक प्रत काढून आणली आहे. ती अजून टेबलाच्या खणात आहे. पाकिटात घालायला गेले की हात थांबतो.

गेल्या रविवारी आपल्याच मंडळाच्या सभागृहात व्याख्यान होतं. तुमच्यातल्या पुष्कळ जणी होत्या. प्रोजेक्टर अडला असं तुम्हाला वाटलं, म्हणून खरं काय झालं ते सांगते. या वेळी हे क्रम बदलून गाईम्हशींनंतर माळ दाखवत होते आणि मग मोटारी. कौसाबाई पडद्यावर आली. हे म्हणाले, "अनिर्बंध चराई! अज्ञान!" तुमच्यापैकी कोणीतरी चुकचुकलं. मग हे म्हणाले, "पुढची," आणि सवयीने मागे न बघता आवाज चढवून बोलू लागले, "हे श्रीमंत देश आपल्या गरीब शेतकऱ्याच्या म्हशीचा ढेकर मोजतात..."

मी बटण दाबलं नव्हतं.

"...आणि स्वतःच्या मोटारी लपवतात! पृथ्वी तापवली कोणी, आणि बोट कोणाकडे?" हे म्हणाले आणि हात पडद्याकडे केला. ह्यांचं बोट मोटारींकडे असायला हवं होतं. ते कौसाबाईच्या छातीवर होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्यात ह्यांनी मागे वळून पडद्याकडे पाहिलं. टाळ्या आपोआप विरत गेल्या.

"पुढची," हे म्हणाले, अगदी हळू.

आपल्या चिटणीसबाई अंधारातून चाचपडत माझ्याजवळ आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "मशीन अडकलं का हो? कोणाला बोलावू?"

"नको," मी म्हटलं. "मशीनला काही झालेलं नाही."